पंधरा स्ट्रिपांची तटबंदी

मित्रांनो, माझ्या झाकणावर एके काळी दोन पांढरे घोडे दौडत होते. आज त्यातल्या एकाचे फक्त कान उरले आहेत. मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि गेली पन्नास वर्षं लालबागच्या एकाच घरात सुखाने राहतो आहे.

माझगावच्या कारखान्यात सपाट पत्र्याला ठोकून, वाकवून मला घडवलं. गिरणीत काम करणाऱ्या रघूंनी बोनसच्या दिवशी मला परळच्या बेकरीतून घरी आणलं, ते आपल्या नव्या नवरीसाठी. तिचं नाव मालन. बिस्किटं चार दिवसांत संपली. मग मालनने मला धुऊन उन्हात वाळवलं आणि माझ्यात बटणं भरली. ती घरी बसून शर्टांना बटणं लावायची. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच बटणांवर घर चाललं. "ही आमची दुसरी गिरणी," असं रघु माझ्यावर टिचकी मारून म्हणत. ते कौतुक मी अजून विसरलो नाही.

पुढे रघु गेले. मालनची नजर अधू झाली आणि मी माळ्यावर गेलो. बारा वर्षं एका फुटक्या सुटकेसखाली पडून होतो. कडांना गंज चढला. बटणं मात्र मी एकही हरवू दिलं नाही.

गेल्या वर्षी मालनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा पाच तऱ्हेच्या गोळ्या सोबत होत्या. त्या ठेवायला तिला माझी आठवण झाली. तळाशी बटणं, वर गोळ्यांच्या स्ट्रिपा आणि कडेला औषधांची बिलं, असा माझा नवा संसार सुरू झाला. इस्पितळाचा खर्च विमा कंपनीने भरला होता. घरी आल्यावरच्या दोन महिन्यांच्या औषधांचे पैसेही कंपनीच देणार होती, बिलं पाठवली तर. त्यानंतरची औषधं मात्र आपल्याच खिशातून.

मालनची नात पूर्वी आणि शेजारचा सम्यक मोबाइलवर एक खेळ खेळत. चार सैनिकांचं पथक, प्रत्येकाचं काम ठरलेलं. एका वेळी एकच चाल करायची आणि कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. मोबाइल अर्धाच तास मिळे. मग दोघं माझ्यातली बटणं काढून तोच खेळ लादीवर मांडत. काळी बटणं शत्रू, शिंपल्याची चार बटणं आपलं पथक आणि महिन्याभरातल्या रिकाम्या स्ट्रिपा म्हणजे किल्ल्याची भिंत. बारा वर्षं अंधारात काढलेल्या डब्याला आणखी काय हवं?

एका रविवारी भिंत अपुरी पडली.

"पंधरा लागतात. दहाच आहेत," सम्यक म्हणाला. "तू चेपून फेकल्यास."

"मी कशाला फेकू? हरायला लागलास की तुझी भिंत नेहमी कमीच पडते."

"मोज मग."

पूर्वीने मोजल्या. पाच गोळ्या, रोज एकेक, दहाची स्ट्रिप. पंधराच हव्यात. तिने मला लादीवर उपडं केलं. वरच्या स्ट्रिपांत गोळ्या तशाच होत्या. आणि तळातून बटणांबरोबर एक घडी घातलेलं पत्र पडलं.

मित्रांनो, ते पत्र माझ्या पोटात सतरा दिवस होतं. मला सगळं ठाऊक होतं, पण डब्याला वाजता येतं, बोलता येत नाही.

मालनची एक जुनी सवय होती. लग्नपत्रिका असो की शाळेचा दाखला, घरात आलेल्या कागदाच्या कोपऱ्याला ती हळदकुंकवाचं बोट लावी. औषधाला गुण यावा म्हणून तिने प्रत्येक बिलालाही ते मनापासून लावलं. नेमक्या त्याच कोपऱ्यात तारीख आणि बिलाचा नंबर होता. कंपनीने बिलं परत पाठवली. तारखा वाचता येत नाहीत, तीन आठवड्यांत स्वच्छ प्रती द्या, नाहीतर पैसे मिळणार नाहीत. मालन ओशाळली. मुलाला, विनीतला, तिने सांगितलंच नाही. ते पैसे आपणच वाचवून भरून काढायचे असं तिने ठरवलं.

"आजी, गोळ्या का उरल्यात?" पूर्वीने विचारलं.

मालन मटार सोलत होती. "सोमवार, गुरुवार, शनिवार माझा उपास असता गो. गोळी जेवणावर घ्यायची. जेवणच नाही तर गोळी खंयची?"

"म्हणजे गोळीलाही उपास?"

"तिलाही पुण्य नको काय?"

पूर्वी हसली नाही. तिने पत्र पुढे धरलं. मालनची बोटं शेंगेतच थांबली. "तुझ्या बापाक सांगू नको," ती हळूच म्हणाली. "आधीच त्याचे किती गेले."

"आजी, डॉक्टर म्हणाले होते, गोळी चुकली तर पुन्हा ऑपरेशन. तू पथकात आहेस. तुला टाकून आम्ही पुढची चाल करायची कशी?"

"अजून चार दिवस आहेत," सम्यक पत्र वाचत म्हणाला. "बिलं तीनच दुकानांची आहेत, मालनआजी. होईल."

विनीत आल्यावर मालनने स्वतःच सगळं सांगितलं. त्याने उरलेल्या स्ट्रिपा उचलून तिच्यासमोर ठेवल्या. मग म्हणाला, "आई, पैसे मी कमवीन गं. तू गोळी खा." आणि तोही लादीवर बसला. एक बटण इस्पितळाच्या दुकानाचं, ते विनीतचं. एक शिवाजी पार्कजवळच्या दुकानाचं, तिथे सम्यक त्याच्या बाबांबरोबर जाणार. तिसरं गल्लीतल्या हितेंद्रच्या दुकानाचं, पूर्वीचं. चौथं बटण मालनचं. तिने रोज जेवून गोळी घ्यायची.

हितेंद्रने जुनी बिलं नव्याने छापून दिली. वर म्हणाला, "काकींच्या दोन गोळ्या स्वस्त कंपनीच्याही येतात. औषध तेच. पण आधी डॉक्टरांना विचारा." विनीतने विचारलं. डॉक्टरांनी मालनला तपासलं, उपास बंद करायला सांगितले आणि चिठ्ठी बदलून दिली.

प्रती तिसऱ्याच दिवशी पोचल्या. महिन्याने पैसे आले, सगळे नाही, पण बरेचसे. पुढचा खर्च अजून खिशातूनच होतो. तो आता चौघांना ठाऊक असतो, एवढाच फरक.

मालन अजून हळदकुंकू लावते, पण कागदाला नाही. माझ्या झाकणावर, जिथे घोड्याचे कान आहेत तिथे. बिस्किटं, बटणं, गोळ्या, सगळं या घराने माझ्यावर विश्वासाने सोपवलं. गंजलेल्या पत्र्याचं यापेक्षा मोठं भाग्य कोणतं?

मित्रांनो, तुमच्याही घरात आजी-आजोबांच्या औषधांचा एखादा डबा असेल. तो बोलणार नाही. खेळून झालं की एकदा उघडा आणि रिकाम्या स्ट्रिपा मोजा. आमच्या लादीवर या महिन्यात पुऱ्या पंधरा लागल्या. सम्यक तरीही हरला.