सरकीएवढ्या माणसाचं छप्पर

मी कपाटावरून बोलतोय. जरा मान वर करा. जुन्या पंख्याची पाती, मागल्या निवडणुकीतल्या उरलेल्या पताका आणि त्यांच्या मागे धुळीत बसलेलं ते पांढुरकं काहीतरी, तो मी. मी एका मोठ्या छपराचा पुठ्ठ्यातला नमुना आहे. शहरात मला मॉडेल म्हणायचे. बाजार समितीच्या या ऑफिसात मला ‘ते खोकं’ म्हणतात. बाजार समिती कुठली ते विचारू नका. यवतमाळ जिल्ह्यातली आहे एवढं पुरे, उगाच कुणाचे रुसवेफुगवे नकोत.

माझा जन्म नागपूरचा. तिथल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात सुरभी नावाची मुलगी शिकत होती, तिनं मला घडवलं. या शिक्षणात शेवटच्या वर्षी प्रत्येकानं आपल्या मनानं एक इमारत योजायची असते. तिचे नकाशे काढायचे, नमुना करायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे उभं राहून तिची वकिली करायची. कुणी विमानतळ घेतला, कुणी संग्रहालय, एकानं तर समुद्रकाठचं हॉटेल घेतलं. नागपुरात समुद्र कुठून आला हे त्याला कुणी विचारलं नाही. सुरभीनं घेतली कापूस खरेदी केंद्रावरची रांग.

सुरभी दारव्हा-आर्णी रस्त्यावरच्या एका गावची. वडील किसनराव कास्तकार, म्हणजे शेतकरी, आई वच्छलाबाई. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. भाव पडलेला, खरेदी केंद्र आज सुरू तर उद्या बंद, पोत्यांचा बारदाना संपला की वजनकाटाही बंद. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दिवसचे दिवस बाजार समितीच्या आवारात उभ्या राहायच्या, आणि आवारात झाड म्हणून औषधाला नाही. लहानपणी सुरभी हट्टानं बापाबरोबर त्या रांगेत गेली होती. बंडीखाली, दोन चाकांच्या मध्ये जेवढी सावली पडते तेवढ्यात किसनरावांनी तिला निजवलं आणि स्वतः उन्हात बसले. सावली सरकली की ते तिलाही अलगद सरकवायचे. ती गोष्ट तिच्या मनातून कधी गेली नाही.

म्हणून मी जन्मलो. लांबलचक, उंच, दुहेरी छपराचा. दोन पत्र्यांच्या मधून वारा जावा म्हणजे खाली ताव येणार नाही, असं तिचं गणित. पश्चिमेला जाळीची भिंत. बंड्या सावलीतच पुढे सरकाव्यात म्हणून रुंद वाट, बैलांसाठी हौद, टेकायला ओटे, बायांसाठी दाराची, कडीची खोली. माझे खांब झाडूच्या काड्यांचे आणि झाडं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळल्या शेंड्यांची. छप्पर झाकणासारखं उचलता येतं, म्हणजे आतलं सगळं दिसतं.

सगळ्यात शेवटी तिनं एक माणूस केला. तांब्याच्या तारेचा, सरकीएवढा. किसनराव एकदा होस्टेलवर डबा घेऊन आले होते, तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचा सुटलेला दोरा तिनं तोडून ठेवला होता. तो त्या माणसाच्या डोक्याला गुंडाळला. एक गुडघा वर, एक पाय लांब, पाठ खांबाला टेकलेली, अगदी किसनराव बसतात तसा. त्याला माझ्या छपराखाली चिकटवला तेव्हा मला वाटलं, आता मी कामाला लागलो.

परीक्षेच्या दिवशी शहरातले एक नावाजलेले आर्किटेक्ट आले. माझ्यापुढे थांबले, घड्याळ पाहिलं.

“क्लायंट कोण?”

“शेतकरी, सर.”

“यात स्टेटमेंट कुठं आहे? शेड तर कुणीही बांधतं.”

“सर, माझे वडील या रांगेत उन्हात बसतात.”

“ते ठीक आहे गं. भावना बाजूला ठेव. कन्सेप्ट सांग.”

सुरभीनं माझं छप्पर उचललं, आतला माणूस दाखवायला. पण साहेब वाकलेच नाहीत. शेजारच्या विमानतळाला पंख होते, त्याच्याभोवती ते बराच वेळ फिरले. मला तेव्हा भयंकर राग आला होता, पण पुठ्ठ्याच्या रागाला कोण विचारतो! सुरभी पास झाली, बेताच्या मार्कांनी.

एसटीत ती मला मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणाला, “केक हाय काय वं बाई?” सगळी गाडी हसली, सुरभीही हसली. त्या दिवसानंतर तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नाही.

घरी मात्र माझा मोठा थाट झाला. किसनरावांनी मला धान्याच्या कोठीवर ठेवलं. गावातले लोक पाहायला यायचे. इमारतीचा नमुना त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, आणि इथेच सगळ्यांची गफलत झाली. सोयरिकीत सुपारी फुटली की लग्न ठरलं, तसं त्यांना वाटलं, नमुना झाला म्हणजे बांधकाम ठरलं.

“माही बंडी या खांबापाशी लावीन मी,” रामधन म्हणायचा. “हौद जवळ पडते.”

“तिथं माही हाय. तू कायले घुसून राह्यला?” दुसरा भांडायचा. अजून माझी वीटसुद्धा नव्हती आणि जागांवरून तंटे सुरू झाले होते.

वच्छलाबाईंनी एकदा घरात कुणी नसताना माझं छप्पर उचललं. बायांची खोली शोधली, तिच्या दाराला बोट लावून पाहिलं. मग सुरभीला म्हणाल्या, “हे झालं तं मीबी येत जाईन तुह्या बाबासंगं. एकटे राह्यतेत बिचारे तिथं. आडोसा नाई म्हून मी आजवर गेली नाई.”

सुरभी पुण्याला नोकरीला लागली. एका बड्या ऑफिसात हॉटेलांचे नकाशे काढायचं काम. फोनवर ती आईला सांगायची, “माय, हॉटेलच्या दारात शोभेची बंडी ठेवून राह्यलो आम्ही. पॉलिश केलेली. तिले ऊन लागू नये म्हणून नकाशात वरतून छत काढलं मी आज.” वच्छलाबाई विचारायच्या, “अन् बैल?” बैल नव्हते.

इकडे किसनरावांनी मनाशी ठरवलं की मला बाजार समितीत न्यायचं. सुरभी फोनवर कळवळून म्हणाली, “बाबा, नमुना म्हणजे बांधकाम नसते. ते लोक ठेवून घेतीन.”

“पोरी, पायल्याशिवाय कोणाले समजन? म्या पायलं तं मले समजलं.”

समितीचे अध्यक्ष घनश्यामभाऊ. मला पाहून खुर्चीतून उठलेच. “वा! आपल्या तालुक्याची पोरगी! किसनराव, हे होऊन जाईन समजा.” निवडणूक तोंडावर होती. किसनरावांना ते दिसलं नाही असं नाही, पण आशेपुढे माणूस दिसलेलंही नजरेआड करतो. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. मीही, खोटं कशाला बोलू, फुशारलो होतो.

भूमिपूजनाला मलाच पाटावर बसवलं. खरी जागा नुसतं माळरान, पूजा कशाची करणार? भटजींनी माझ्यावर हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला तो माझ्याशेजारीच. पाणी माझ्या कोपऱ्यात मुरलं आणि पुठ्ठा फुगला. तो कोपरा अजून वर उचललेला आहे, कुंकवाचा डागही आहे. कोनशिला बसली. अध्यक्षांचं नाव मोठं, खाली ‘वास्तुरचना’ म्हणून सुरभीचं पूर्ण नाव. किसनरावांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि दुपट्ट्यानं डोळे पुसले.

निवडणूक झाली. मला अध्यक्षांच्या खोलीत खिडकीशी, काचेच्या पेटीत ठेवलं. माझ्या जागेवर काम सुरू झालेलं मी रोज पाहायचो. खांब उभे राहिले तेव्हा जीव हरखला. मग भिंती आल्या. शटरं आली. एक मजला चढला, दुसरा चढला, आणि समोरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत निळी काच लागली. ते दुकानांचं संकुल होतं.

“शेडमधून समितीले काय भेटते?” घनश्यामभाऊ कुणाला तरी सांगत होते. “अन् आता जमाना काचेचा हाय. नागपूरवाणी दिसलं पायजे.”

ऐका आता. ती काच पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिच्यासमोर आवार, आवारात बंड्यांची रांग. दुपार कलली की सूर्य काचेत उतरतो आणि काच तो उचलून रांगेवर फेकते. आधी एका बाजूनं ऊन होतं, आता दोन्ही बाजूंनी. बैल डोळे मिटून उभे राहायचे. मी खिडकीतून सगळं पाहायचो. वर पंखा फिरत असायचा, माझे हौद, ओटे, माझी दुहेरी छपरं सगळी त्या गार खोलीत, आणि ज्यांच्यासाठी ती केली ते हाकेच्या अंतरावर भाजत असायचे. मला हाकही मारता यायची नाही.

कोनशिला मात्र तीच राहिली. कुणी बदलायच्या भानगडीत पडलं नाही. त्यामुळे लोकांना वाटलं, काच लावायची अक्कल सुरभीची.

“किसनराव, तुह्या पोरीनं लय उजेड पाडला,” रांगेत रामधन म्हणाला. त्याचं बोलणं थट्टेचं होतं, पण कोणी हसलं नाही. किसनरावांनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. नमुना वेगळा होता, हे ते किती जणांना सांगणार? आणि सांगून सावली थोडीच पडणार होती?

होळी होऊन गेली होती, ऊन पेटलं होतं आणि खरेदी अजून रखडत चालली होती. अशात सुरभी पुण्याहून आली. घरी न जाता थेट आवारात उतरली. तिनं आधी काच पाहिली, मग कोनशिला. तिथं आपलं नाव वाचलं. मग तिला रांगेत बाप दिसला. बंडीखालच्या सावलीत त्यांनी पाण्याची कळशी ठेवली होती आणि स्वतः बाहेर बसले होते.

ती पायऱ्या चढून खोलीत आली. घनश्यामभाऊ दौऱ्यावर होते, शिपाई बळीराम तेवढा होता.

“हे मी घेऊन जातो काका. अन् त्या दगडावरून माहं नाव काढा.”

“बाई, हे समितीचं झालं आता. मले काहून फसवतं तू? भाऊ मलेच धरतीन.” बळीराम खरोखरच घाबरला होता. “नाव बी मी कसं काढू?”

सुरभीनं पेटीची काच सरकवली, माझं छप्पर उचललं आणि हातात धरून तशीच रडायला लागली. आवाज ऐकून किसनराव दारात आले. घामेजलेले, डोळे लाल.

“काहून रडतं वं? चाल घरी, तुही माय वाट पाहून राह्यली.”

“बाबा, मले एवढं तं नेऊ द्या.” तिनं खांबाशी बसलेल्या तारेच्या माणसाला चिमटीत धरलं. उपटणार तेवढ्यात किसनराव पुढे झाले. त्यांनी मला गावभर मिरवलं होतं, पण त्यांची नजर अधू, तो सरकीएवढा माणूस त्यांच्या कधी लक्षातच आला नव्हता. आता ते अगदी जवळ वाकले. माझ्यापुढे असं वाकणारा पहिलाच माणूस तो.

“हा कोण?”

“तुमी, बाबा.”

ते पाहत राहिले. वर घेतलेला गुडघा, टेकलेली पाठ, डोक्यावरचा आपल्याच दुपट्ट्याचा दोरा. मग त्यांनी सुरभीची चिमटी हळूच सोडवली.

“राहू दे त्याले तिथंच. सावलीत हाय बिचारा.”

त्यांनी स्वतःच्या हातानं छप्पर माझ्यावर परत ठेवलं, नीट बसलं की नाही ते दाबून पाहिलं. खालून कुणीतरी ओरडलं, रांग सरकली होती. ते लगबगीनं उतरले. सुरभी त्यांच्यामागून गेली आणि बंडीच्या बाजूला उन्हात त्यांच्याशेजारी बसली. निळी काच दोघांवर तळपत होती, मी वरून पाहत होतो.

पुढे अध्यक्ष बदलले. नव्या साहेबांना काचेची पेटी हवी होती, मी नको होतो. बळीरामनं मला कपाटावर ठेवलं, फेकवलं नाही त्याच्यानं. आता खिडकीही दिसत नाही. खाली काय चाललंय ते आवाजावरून कळतं. बंड्या कमी झाल्या, ट्रॉल्या वाढल्या, पण रांगेतल्या माणसांच्या आवाजाला अजून तीच कोरड आहे. वच्छलाबाई कधी आल्या नाहीत. किसनरावांचा आवाज हल्ली ऐकू येत नाही. ते थकले असतील, घरी बसत असतील, असं मी धरून चालतो.

माझा डिंक सुटत चाललाय. एक खांब निखळला, पऱ्हाटीची झाडं झडली. जिल्ह्याला सावली द्यायला निघालेला मी, आयुष्यात एकाच माणसाला देऊ शकलो, आणि तोही तारेचा. त्याच्यावरचं छप्पर तेवढं मी घट्ट धरून आहे.

उद्या कुणी हे कपाट आवरेल. माझं काही म्हणणं नाही. मला अडगळीत टाका, कोपऱ्यात टाका, शिडीखाली टाका. फक्त उन्हात टाकू नका. खाली माणूस बसलाय.