रगत धुणारे महाराज

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यामागं पत्र्याचं शेड हाय. तितं त्या दिशी पाय ठिवायला जागा न्हवती. बाया लेकरं कडंवर घिऊन, म्हातारे पोत्यावर चढून. कशासाठी? तर म्हणं महाराज माणसाच्या आंगातलं नासकं रगत कापडावर काढून दावायलेत! थापा मीबी लई मारते. आमच्या म्हशीनं किल्ल्याचा खंदक उडी मारून वलांडला, हे मी आजबी शपथेवर सांगते. पर माझ्या थापंनं कुणी मरत न्हाई.

माझी नात मंजुश्री, सोळा वर्साची. तिला झपाट्यानं वाढणारा ब्लड कॅन्सर. हैद्राबादच्या डॉक्टरनं औषधं दिऊन तो दबवला, मंग तिच्याच रगतातल्या मूळपेशी मशीननं काढून गोठवून ठिवल्या. आता जालीम औषधानं उरलासुरला कॅन्सर मारायचा अन् तिच्या पेशी तिलाच परत द्यायच्या. त्या हाडात रुजून नवं रगत करतेत.

"पक्की खात्री देत न्हाई," डॉक्टर म्हणले, "पर संधी आत्ताच हाय."

सोमवारी त्यासाठी हैद्राबादला निघायचं व्हतं. अन् माझा ल्योक संगमेश पोरीला अन् मला घिऊन महाराजाकडं!

"दवाखान्यात तुजंच रगत तुला दितेत, मंग मी येगळं काय करायलो?" महाराज लिलावातल्या अडत्यावानी वरडला. "ते गोठवतेत, मी जितं ठिवतो! हे तीर्थ हिमालयाचं! सात पिढ्यांचा रोग भाईर!"

चेल्यानं मंजूच्या हाताला हळद चोळली. महाराजानं पांढरं कापड तीर्थात बुडवून हातावर फिरवलं. कापड लालभडक! बाया किंचाळल्या. मंग तेच कापड दुसऱ्या भांड्यात, अमृतात बुडवलं. लाल गेलं, पिवळं झालं.

"रगत शुद्ध! दवाखाना बंद!"

संगमेश रडत महाराजाच्या पायावर पडला, मंग मला म्हणला, "अव्वा, सोमवारचं तिकीट रद्द करतो."

मंजू मास्कमधून कुजबुजली, "अव्वा, लग्नात नवरीवरून लाल पाणी ववाळता, ते कशाचं करता गं?"

आरं द्येवा! हळद अन् चुना! घराघरात आमीच कालवतो, अन् आमीच आ वासून बसलोय!

मी उठले. "महाराज, जरा तुमचीबी सेवा करू द्या." नको नको म्हणूस्तोर त्याच्या ढेरीला हळद फासली, कापड परत तीर्थात बुडवून फिरवलं. लालभडक!

"अगं बया! महाराजालाच ब्लड कॅन्सर!"

शेडाच्या खांबाला हळद लावली, तेच कापड फिरवलं. खांबालाबी कॅन्सर! अमृतात बोट बुडवून चाटलं. लिंबू! हळद चुन्याच्या निवळीत लाल व्हते, आंबटात परत पिवळी. झालं, एवढाच ह्याचा हिमालय.

शेड हासून फुटायची पाळी. महाराज वरडला, "म्हातारे, भस्म करीन!"

"कर की बाबा. कपाळाला लावायचं घरचं संपलंयच."

चेला तवर भांडी सोडून पळाला.

संगमेश मान खाली घालून बसला. "अव्वा, डॉक्टर खात्री देत न्हाई गं. ह्यो देत व्हता."

"डॉक्टर खरं बोलतोय, म्हणून देत न्हाई. खोटं बोलणाऱ्याला खात्री द्यायला काय जातंय? पोर तर आपली जाती."

तो उठला. मंग मंजूला म्हणला, "चल माय, ब्याग भरू."

तुमालाबी सांगते, लोकहो. कुणी चमत्कार दावला तर पाया पडायच्या आदी भांड्यात काय हाय ते इचारा. डॉक्टरलाबी इचारा, तो सांगतोय. जो सांगत न्हाई, त्याच्या हाती आपलं लेकरू दिऊ नका.