लेम्पीच्या मापाचा ओटा

मी एक ओटा आहे. जुना, मेपलच्या लाकडाचा, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचा. मित्रांनो, ओट्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटतं. पन्नास वर्षं मी एका तळघरात उभा होतो आणि मग एक मजला वर आलो. माझा जन्माचा प्रवास तेवढाच, चौदा पायऱ्यांचा. पण त्या चौदा पायऱ्यांपायी एका बाईचं घर सुटायची वेळ आली होती, म्हणून सांगायला बसलो.

आमचं गाव मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणीचं. मला १९५१ साली रेनोने बनवलं. रेनो खाणीत कामाला होता आणि घरी यायचा तो नखशिखांत तांबडा होऊन. ती धूळ कपड्यांत इतकी मुरलेली असे की तीनदा खळबळलं तरी चौथं पाणी तांबडंच. त्याची बायको लेम्पी स्वयंपाकघरातच टबावर वाकून धुणं धुवायची. तिथेच चूल, तिथेच जेवण, तिथेच तीन वर्षांच्या व्हर्नाची लुडबुड. एकदा पावासाठी मळलेल्या कणकेत ते तांबडं पाणी उडालं. लेम्पीने कणीक फेकून दिली आणि नवी मळायला घेतली. रेनोने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तळघर रिकामं करायला लागला.

त्याने खोली आखली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. कागद घेतला नाही, पेन्सिल घेतली नाही. लेम्पीला त्याने मोकळ्या तळघरात उभं केलं आणि म्हणाला, "हं, धू आता कपडे."

"कुठायत कपडे?"

"नाहीतच. रिकाम्या हातांनी धू."

"डोकं फिरलंय का तुझं? कुणी बघितलं तर?"

"तळघरात कोण मरायला येतंय बघायला! धू म्हणतो ना."

मग लेम्पीने हवेतले कपडे निवडले, हवेत भिजवले, हवेत पिळले आणि हवेतल्या दोरीवर घातले. ती हसत होती आणि रेनो गुडघ्यांवर बसून, तिचं पाऊल पडेल तिथे खडूने खुणा करत होता. जिथे तिला उगाच दोन पावलं जास्त टाकावी लागली, तिथला टब त्याने मनातल्या मनात पुढे सरकवला. अशी ती खोली ठरली. न्हाणीघरातून मळके कपडे खाली टाकायला भिंतीतून एक पत्र्याचं नळकांडं. ते जिथे उघडतं तिथे कपडे निवडायची जागा. शेजारी भिजवायचा टब, मग रूळांमधून कपडे पिळणारं यंत्र, दुसरा टब, आणि शेवटी मी. माझ्यामागे घर उबदार ठेवणारी भट्टी आणि तिच्या उबेत दोऱ्या. जमीन मोरीकडे जराशी उतरती.

माझं माप घेताना रेनोने लेम्पीला कोपरं वाकवायला सांगितली, जमिनीपासून पट्टी लावली आणि कोपराच्या चार बोटं खाली रेघ मारली. सदतीस इंच भरले. त्याने मला तिथेच, जागेवरच जोडलं. मी जिन्याने वर जाईन की नाही, हा विचार त्याने केला नाही. मी तरी कुठे केला होता?

खोली बघायला गावातल्या बायका आल्या. शेजारची एल्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नवऱ्याने बायकोला मोटार घेतलेली ऐकली होती. धुण्याला खोली? लेम्पी, काय जादू केलीस गं?" तिने घरी जाऊन नवऱ्याचा जीव खाल्ला. त्या बिचाऱ्याने माझं माप घेतलं आणि थेट तसाच ओटा आपल्या घरी ठोकला. एल्मा चणीने बुटकी. चादरीची घडी घालताना तिचे हात गळ्याशी यायचे. "लेम्पीच्या ओट्यात काहीतरी आहे, माझ्यात नाही," असं ती वर्षानुवर्षं सांगत राहिली. त्यात काही नव्हतं. तो लेम्पीचा होता, एवढंच.

पुढची तीस वर्षं काम झालं. खाणीचे कपडे सोमवारी, पांढरे मंगळवारी. शनिवारी शेजारची सॉनाची, म्हणजे वाफेच्या आंघोळीची, खोली तापायची आणि घरभराचे टॉवेल माझ्यावर यायचे. व्हर्नाचे इवलेसे फ्रॉक आले, शाळेचे झगे आले, आणि एक दिवस आईचेच झगे तिच्या अंगाला बसायला लागले. मग ती शिकायला शहरात गेली आणि तिचे कपडे यायचे थांबले.

१९८३ च्या मार्चमध्ये रेनो गेला. लेम्पीने त्याचे कामाचे कपडे शेवटचे धुतले. पाणी तांबडं निघालं. तिने ते सोडून दिलं, दुसरं घेतलं. कपडे वाळल्यावर तिने माझ्यावर त्यांच्या घड्या घातल्या आणि दोन्ही हात माझ्यावर टेकून उभी राहिली. रडली नाही. मीही सुन्न होतो. लाकडाला काही वाटतं का? त्या दिवशी तर काहीच वाटत नव्हतं.

त्यानंतर आठवड्याला एकच टोपली यायची. माझ्या अर्ध्या अंगावर रंगाचे डबे आले, नाताळच्या माळांची खोकी आली, एक मोडका पंखा आला. कुणी मुद्दाम केलं नाही. मोकळी जागा दिसली की वस्तू येतात.

मग २००१ चा फेब्रुवारी. एकोणऐंशी वर्षांची लेम्पी घड्यांची टोपली घेऊन वर जाताना सातव्या पायरीवरून पडली. मनगट मोडलं. व्हर्ना चार तास गाडी चालवत आली. पाठोपाठ एकट्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी करणारी एक नर्स आली. नळकांड्यातून वरचं बोलणं मला ऐकू येई. नर्सकडे एक कागद होता. स्वतः आंघोळ करता का, स्वयंपाक करता का, कपडे धुता का? प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

"जिना आता बंद," नर्स म्हणाली. "मी मे महिन्यात पुन्हा येईन. तोवर सगळं जिन्याशिवाय जमलं तर ठीक. नाही जमलं तर एकटं राहणं कठीण आहे, आजी."

ती गेल्यावर व्हर्ना म्हणाली, "आई, धुणं वर आणू या. नाहीतर वृद्धाश्रमात नाव घालावं लागेल. तुला जायचंय का तिकडे?"

"नाही," लेम्पी म्हणाली. त्या महिनाभरात तिने सगळ्यात मोठ्याने उच्चारलेला तो शब्द.

व्हर्ना पोरगी प्रेमळ, पण घाईची. तिने मासिकं आणली, चित्रं कापली, मागच्या पडवीत नवी खोली आखली. सुतार म्हणून एल्माचा मुलगा आर्व्हो आला. त्याने विचारलं, "काकूंची उंची किती धरू?"

"माझ्याएवढीच. मी तिचेच झगे घालून शाळेत गेलेय. माझंच माप घे."

लेम्पी तिथेच खुर्चीवर बसून होती. हात गळ्यात बांधलेला. ती काही बोलली नाही. आमच्या गावात माणसं फारसं बोलत नाहीत आणि त्याला मोठेपणा समजतात.

खोली झाली. पांढरी कपाटं, पांढरा ओटा, वरून कपडे टाकायचं खोल पिंपाचं मशीन. "कशी वाटली?" व्हर्नाने विचारलं. "छान आहे," लेम्पी म्हणाली. व्हर्ना खूश होऊन शहरात परतली. आर्व्हो नळकांडं खिळे मारून बंद करणार होता. लेम्पी त्याला म्हणाली, "राहू दे रे. तेवढीच हवा."

हाताचं प्लास्टर निघालं. नंतरच्या मंगळवारी नळकांड्यातून एक चादर खाली पडली. मागोमाग दोन झगे. मग जिन्यावर आवाज झाला. लेम्पी पायरीवर बसून, एकेक पायरी घसरत, खाली येत होती. लहान पोरं उतरतात तशी. तिने कपडे धुतले, माझ्यावरची खोकी सरकवली आणि घड्या घातल्या. माझीही उंची आता तिला जास्त होत होती. सॉनातली लाकडी फळी आणून ती तिच्यावर उभी राहिली. वर जाताना कपड्यांचं बोचकं कमरेला बांधून, चार पायांवर गेली. दर मंगळवारी हेच. मी प्रत्येक वेळी पायऱ्या मोजायचो. चौदा झाल्या की पुढचा मंगळवार. भीती वाटायची म्हणालो तर खोटं होईल. मी फक्त मोजत होतो.

मे महिन्यात, नर्स यायच्या आठवडाभर आधी, व्हर्ना न कळवता आली. आईला हाक मारली, ओ आली नाही. ती नव्या खोलीत गेली. मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज मी ऐकला आणि मग ती "ई!" म्हणाली. पिंपाच्या तळाशी एक टॉवेल पडून आंबला होता. तेवढ्यात खालून पाण्याचा आवाज तिला आला असावा. ती धडाधड जिना उतरली.

"आई! मरायचंय का तुला?"

लेम्पी फळीवर उभी होती. हातात उशीचा अभ्रा. तिने त्याची घडी पूर्ण केली.

"वर एवढी खोली केली तुझ्यासाठी! एकदा धुतलंस आणि सोडून दिलंस? का? शोभेला ठेवलीय का ती?"

लेम्पीने अभ्रा बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला.

"बोल ना काहीतरी! दर वेळी मीच भिंतीशी बोलायचं का?"

मग लेम्पी म्हणाली, "हात पुरत नाही."

"काय?"

"तळापर्यंत हात पुरत नाही. टॉवेल काढायला गेले तर पाय जमिनीवरून सुटले. भिंतीवरच्या कपाटाचा खालचा खणसुद्धा हाताला लागत नाही मला. ओट्यावर तर हात नुसते लटकतात."

व्हर्नाचा आवाज खाली आला. "मग सांगायचं नाही?"

"सांगून काय? हात दाखवून अवलक्षण. त्या बाईकडे कागद आहे. पुरत नाही म्हटलं की नाहीच्या चौकोनात खूण. अशा दोन खुणा झाल्या की माझी पेटी भरायची." ती थांबली. "आणि तू आनंदात होतीस, पोरी."

व्हर्ना तिच्याजवळ गेली आणि तिला फळीवरून खाली उतरवलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. लेम्पीचं डोकं व्हर्नाच्या हनुवटीला लागत होतं. व्हर्नाने आईच्या डोक्यावर हात ठेवला, तो सरळ आपल्या अंगापर्यंत आणला, आणि पुन्हा एकदा तसंच केलं.

"कधी झालं हे?" ती म्हणाली.

"हळूहळू," लेम्पी म्हणाली.

व्हर्ना खाली जमिनीवर बसली आणि रडली. लेम्पीला ते आवडलं नसावं. ती म्हणाली, "ऊठ, मोरीकडे ओल आहे."

दुसऱ्या दिवशी आर्व्हो आला. या वेळी लेम्पी खुर्चीवर बसली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि बोटाने दाखवत गेली: हे खाली, ते खाली, हा दांडा इथे, नाही, अजून खाली. "काकू, गेल्या वेळी जीभ कुठे गहाण ठेवली होती?" आर्व्हो म्हणाला. खोल पिंपाचं मशीन परत गेलं. पुढून उघडणारं आलं, तेही चौथऱ्यावर. पांढरा ओटा काढला आणि त्या जागी लेम्पीने मला मागितलं.

मी जिन्यातून मावेना. पाय कापावेच लागणार होते. आर्व्हो म्हणाला, वर गेल्यावर पुन्हा जोडतो. लेम्पी म्हणाली, "पूर्ण जोडू नकोस. चार इंच कमी." करवत चालली तेव्हा दुखलं का? माझ्या पायाखालचे चार तुकडे बाजूला पडले, मी ते पाहिले. बाकी काही नाही.

नर्स आली. तिने प्रश्न विचारला. लेम्पी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने मशीनमधून ओली चादर काढली, दांड्यावरून वाळलेली उतरवली, माझ्यावर तिची घडी घातली, हाताने दाबली आणि नर्सच्या हातात दिली. नर्सने कागदावर खूण केली. मी नऊ वर्षं त्या खोलीच्या खिडकीपाशी उजेडात उभा राहिलो आणि लेम्पी नऊ वर्षं आपल्या घरात राहिली. गेली तीही इथेच, आपल्या बिछान्यात.

आता या घरात व्हर्ना राहते, एकटीच. शहरातल्या शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि इकडे आली. आर्व्होने दोनदा विचारलं, ओटा उंच करून देऊ का. तिने नको म्हटलं. म्हणून ती तेहतीस इंचांवर वाकून घड्या घालते, आणि झाल्या की कमरेवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत उभी राहते. परवा तर चादर अर्धीच टाकून बसली. आर्व्हो आता थकला, त्याच्याने घराबाहेर पडवत नाही. तिला विचारणारं दुसरं कुणी नाही, आणि मला तोंड नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं माझ्यासाठी करा. तुमच्या घरात कुणीतरी रोज एका ठिकाणी उभं राहून काम करतं. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि हात पुरतो का, पाठ दुखते का, ते विचारा. ते म्हणतील, "ठीक आहे." तरी लगेच निघून जाऊ नका.