शेवटचं झुडूप

हे लिहिणारच नव्हतो. लिहितोय, पण गावाचं नाव गाळून.

ओल्या पोत्यात गुंडाळलेलं झुडूप मी भागवतच्या ओट्यावर ठेवलं. मुळांसकट.

"ओळख बे, काय आणलं."

भागवत माझा कापसाच्या जिनिंगमधला दोस्त. मी वडनेरचा, त्याचं गाव वेगळं. सुट्टीला माळावर हिंडून झाडं ओळखायची, हा माझा नाद. शिकलो सगळं मोबाइलवर. त्याच्या गावच्या माळावर मागच्या रविवारी ही काटेरी झुडपं दिसली. पांढरं फूल, आतून जांभळं. पानाची मागची बाजू मखमली. कुठल्याच पुस्तकात नाही. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या संजीवनी मॅडमना फोटो पाठवले. आज सकाळी त्यांचा फोन आला. नवी प्रजाती वाटतेय म्हणाल्या, फूल, फळ, मूळ आणा. आणि नेमकी जागा लिहून द्या, जागेशिवाय नोंद होत नाही.

"नवीन झाड हाय बे. जगात कोणाच्याच यादीत नाई. अकराच झुडपं, एका रांगेत."

भागवतनं पोत्याला हात लावला नाही.

"कोणतं उपटलं?"

"शेवटचं. लहान होतं, लवकर निघालं."

"बुडाशी दगड होता?"

"सरकवला."

"किती खणलं?"

"हातभर. काऊन?"

त्यानं श्वास सोडला.

"मंग ठीक हाय. आम्ही छातीभर खणलं होतं."

"छातीभर? काऊन?"

"आमच्यात लहान लेकरू गेलं त जाळत नाई," तो पोत्याकडे बघत म्हणाला. "पुरतेत. वरतं याचीच फांदी लावतेत. काटे असले की कोल्हं उकरत नाई. हे मीच लावलं होतं."

त्याची पोरगी नऊ दिवसांची गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा मी भेटायला आलो होतो. कुठं ठेवली, हे विचारलं नव्हतं.

माझ्या नखांत अजून ती माती होती.

दारात भागवतची बायको, अश्विनी वहिनी, उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही. त्यांनी पाण्याची कळशी उचलली आणि चपला न घालताच माळाकडे निघाल्या.

मागोमाग जाऊन आम्ही झुडूप परत लावलं. दगड भागवतनं ठेवला, मला हात लावू दिला नाही. माझा फोन वाजला. मॅडम. वाजून वाजून थांबला.

"उचल ना बे," भागवत म्हणाला. "मोठा माणूस होशीन. फक्त..."

त्यानं दगडावरची माती हातानं पुसली.

मॅडमनी दिलेला नोंदीचा कागद समोर आहे. फूल, फळ, पान, सगळं भरलंय. जागेचा रकाना तेवढा कोरा आहे. तो कोराच राहील, भागवत.