खोबऱ्याचा पहिला तुकडा

"हळू चालवून काढा ना गोल," गाडेकर साहेब म्हणाले. आमचे मॅनेजर. बोलत होते माझ्याशी, पण नजर मशीन न्यायला गेटवर थांबलेल्या ट्रककडे.

माझं डोकंच फिरलं. लोखंडाचे पार्ट कापणारं हे मशीन आम्ही गिऱ्हाइकाला विकलंय कशावर, तर वेगावर. माझं काम ते भरधाव गोल फिरवायचं आणि बॉलबार नावाच्या दांडीनं तो गोल तपासायचा. हळू काय, कुठलंही मशीन गोल काढतं. हे भरधाव फिरवलं की दिशा बदलताना झटका खात होतं, आणि स्क्रीनवरचा गोल नवशिकीच्या भाकरीसारखा कडांना फाटत होता. असं मशीन बाहेर गेलं की पार्ट बिघडतात आणि शिव्या खातो तिथला ऑपरेटर. माझा नवरा, कल्याण, सुप्याच्या एका कारखान्यात ऑपरेटरच आहे. मशीनच्या खोटीपायी त्यानं मेमो घेतलेत, घरी येऊन न जेवता झोपलाय.

मी स्पष्ट नाही म्हणाले. साहेबांनी सरळ रंगनाथकाकांना बोलावलं.

मला बॉलबार हातात धरायला शिकवणारे काका. चाचणीत लबाडी केलीस तर या कारखान्यात उभी करणार नाही, असा दम देणारे काका. त्यांनी मुकाट्यानं वेग उतरवला, बटण दाबलं. गोल आला. छान आला मेला.

"काका, तुम्ही?"

"पंकजा, माझी रिटायरमेंट तोंडावर हाय. आता कुनाशी भांडू?"

मशीनपुढं नारळ फुटला. आमच्याकडे रीत आहे, मशीन ज्यानं पास केलं, खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याचा. आजवर तो काका माझ्याच हातावर ठेवत आले. आजही त्यांनी तो माझ्यापुढंच धरला. याला माया म्हणू की निर्लज्जपणा? माझ्या अंगाची नुसती आग झाली. पण प्रसादाला नाही कसं म्हणणार? तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि परत त्यांच्याच तळहातावर ठेवला.

"पास तुम्ही केलंय, काका. तुम्हीच खा."

ट्रक गेटबाहेर पडला. साहेब टाळ्या वाजवत होते. काका नळापाशी जाऊन उभे राहिले. सुट्टीचा भोंगा झाला, माणसं डबे उचलून पांगली, तरी त्यांची मूठ मिटलेलीच होती.