रांजणाला कुठलं कुत्रं चावलं?

काशाची थाळी गोरक्षच्या उघड्या पाठीला जळवेसारखी चिकटली आणि सोसायटीच्या गोडाऊनपुढं जमलेली सगळी माणसं ओरडली, "चिकटली! चिकटली!"

"हलू नगंस," आसाराम महाराज म्हणाला. "थाळी विष पितीय. पोट भरलं की आपुआप गळंल." मग डोळे फिरवून त्यानं मंत्र टाकला, "ये गं थाळी, पी गं गरळ, पिसाळ्या कुत्र्या, माळाला पळ!"

मी मागून विचारलं, "आणि चिकटलीच नाही तर?"

"तर विषच न्हाई! बाई, तुमी पोरांला पाढे शिकवा."

लोक खो-खो हसले. चिकटली तरी महाराज खरा, न चिकटली तरी खरा. असा धंदा मलाही आवडला असता. पण मी मिरजगावजवळच्या त्या खेड्यातल्या शाळेत शिकवत होते, आणि तिथं चुकलेल्या उत्तराला शून्यच द्यावं लागायचं.

ऊन चढलं, थाळी खणकन खाली पडली. गोरक्षची आई बायडाबाई महाराजाच्या पायावर लोळली. मग गोरक्षच्या लहानग्या लेकीची, रुपालीची पाळी आली. पिसाळलेल्या कुत्र्यानं आधी तिची पोटरी धरली होती. सोडवायला धावलेल्या बापाच्या गालाचा लचका तोडला होता. चावल्या दिवसापासून मी सांगत होते, जखम साबणानं धुवा, दवाखान्यात न्या.

"पोटात चौदा विंजेक्शनं!" बायडाबाई म्हणाली. "मास्तरीनबाई, पोर त्येनंच मरंल."

अठ्ठ्याण्णव सालचा तो उन्हाळा. कुत्री तेव्हा पहिल्यासारखी राहिली नव्हती. माझ्या लहानपणी गावात बैल मेला की माळावर टाकायचे, आणि कोरड्या आभाळात एक ठिपका दिसायचा. मग दुसरा. बघता बघता गिधाडं उतरायची, घोंगडी झटकल्यासारखा पंखांचा आवाज यायचा. दुपार कलायच्या आत नुसती हाडं उरायची, पांढरी, स्वच्छ. आम्ही पोरं लांबून बघायचो, नाक दाबून आणि हसून. किती कुरूप पक्षी, आणि किती कामाचा! नव्वद सालानंतर ती कमी होत गेली आणि एका वर्षी आलीच नाहीत. ढोरं माळावर कुजू लागली. तेच मांस खाऊन कुत्र्यांच्या टोळ्या माजल्या, त्यांच्यात पिसाळ, म्हणजे रेबीज, शिरला, आणि टोळ्या गावात शिरल्या.

थाळी पडल्यावर काही आठवडे गोरक्ष ठीक होता. मग एका सकाळी पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला आणि त्याचा गळा आवळला. तांब्या फेकून तो किंचाळला. वाऱ्याची झुळूक लागली तरी अंग धनुकलीसारखं ताणलं जायचं. चौघांनी धरून त्याला बाजेला कासऱ्यांनी बांधलं. मनगटं सोलली, बाजेचा पाय मोडला, तोंडातून फेस आणि रक्त. मध्येच शुद्धीवर येऊन म्हणायचा, "आये, रुपीला माज्यापसून लांब ठेव." दुसऱ्या दिवशी गेला.

पिसाळ नसांमधून मेंदूकडे सरकतो. चेहऱ्यावरचा चावा मेंदूला जवळ, पोटरीवरचा लांब. म्हणून बाप आधी गेला. रुपालीला अजून काही झालं नव्हतं. इंजेक्शनाला अजून वेळ होता, पण किती ते कोणीच सांगू शकत नव्हतं.

थाळी हरली म्हटल्यावर महाराजानं गुन्हेगार शोधला. गिधाड म्हणजे देवाचा पक्षी, तो रुसला. का रुसला? बौद्धवस्तीनं मेलेली ढोरं ओढायची सोडली म्हणून! आता त्यांच्याच दारात पोरीला थाळी लावायची, तरच विष उतरेल.

ती आमची वस्ती. रुपालीला आणि बायडाबाईला पुढं घालून माणसं आली, ती काठ्या आणि दगड घेऊनच. वाटेत दिसलं ते प्रत्येक कुत्रं त्यांनी ठेचलं होतं, पिल्लंसुद्धा. पहिला दगड आमच्या कौलांवर फुटला. दुसरा माझा भाऊ रंगनाथ याच्या कपाळावर. तो उंबऱ्यातच बसला, बोटांमधून रक्त गळत.

"वढा म्हनावं ढोरं!" कोणीतरी ओरडलं.

मी अंगणात उतरले, आवाज वर्गातलाच निघाला. "अरे, आम्ही ते काम छप्पन साली सोडलं. गिधाडं परवापर्यंत तुमच्या डोक्यावर फिरत होती. रुसायला चाळीस वर्षं लागली होय त्यांना?"

गर्दी जरा थबकली. महाराजानं घाईघाईनं रुपालीची पाठ उघडी केली, लोट्यातलं 'तीर्थ' चोळलं, थाळी दाबली. चिकटली.

"बघा! विष हाय!"

मी पुढं होऊन थाळी ओढून काढली. लोटा हिसकावला, ते पाणी आमच्या दारातल्या रांजणाच्या पोटाला चोपडलं आणि थाळी दाबून हात काढला.

थाळी रांजणाला चिकटून राहिली.

"आता सांगा महाराज, रांजणाला कुठलं कुत्रं चावलं?"

मागं एक म्हातारा फस्सकन हसला. महाराज म्हणाला, "हितलं पानीच बाटल्यालं..." पण बायडाबाई पुढं आली होती. तिनं लोट्यात बोटं बुडवली, एकमेकांवर घासली, वास घेतला.

"जवस हाय ह्ये," ती सावकाश म्हणाली. "जवस उकळून काढल्यालं पानी. पोरी हुतो तवा आमी क्यास बसवायला लावायचो."

"खोलगट थाळी फुगीर पाठीवर दाबली की मधली हवा निघून जाते," मी म्हणाले. "बाहेरची हवा तिला दाबून धरते, चिकट पाणी कड बंद करतं. उन्हानं पाणी सुकलं की कड सुटते. यात विषाचा थेंबही नाही, बायडाबाई. ते पोरीच्या अंगातच आहे."

म्हातारीनं रांजणावरची थाळी उपटली आणि महाराजाच्या तोंडावर हाणली. "माजा लेक खाल्लास, मुडद्या!" नाक फुटलं. तो पडला तशी आमच्यासाठी आणलेले दगड त्याच्यावर उगारले गेले.

मी मध्ये उभी राहिले. "टाका खाली! त्याला पोलिसांकडं द्या. मारत बसाल तेवढा वेळ पोरीचा जाईल. दुधाचा टेम्पो कुठंय?"

त्या टेम्पोतून रुपाली, बायडाबाई आणि कपाळाला फडकं बांधलेला रंगनाथ शेजारी शेजारी बसून नगरला गेले. पोटातल्या इंजेक्शनांना रुपाली खूप रडली. वाचली. आता तिची लेक तेव्हाच्या तिच्याएवढी झाली आहे.

गिधाडं का गेली, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी तसं कबूल करायची. काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. जनावरांना टोचायचं एक वेदनाशामक औषध मेलेल्या ढोराच्या मांसात उरायचं. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. ना देव रुसला होता, ना माणसं बाटली होती. एक पक्षी संपला, त्याची जागा कुत्र्यानं घेतली, आणि कुत्र्याबरोबर पिसाळ आला. आभाळातलं काही नाहीसं झालं की जमिनीवर काय उगवेल, ते विचारत जा. दगड मारून उत्तर मिळत नाही.

आणि कुत्रं चावलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली, भरपूर वेळ धुवा आणि तडक दवाखाना गाठा. आता इंजेक्शनं दंडात देतात, भिण्यासारखं काही नाही. थाळी घरी ठेवा. तिच्यात भाकरी वाढा.