डाव्या डोळ्याचे थेंब

सोलापूरच्या दवाखान्यात काचबिंदूच्या नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. थेंब फक्त उजव्या डोळ्यात घालायचे, म्हणजे फरक कळेल, असं डॉक्टर संघप्रियांनी मायाक्काला बजावलं होतं. पण जन्मभर मेंढरं राखलेली ती बाई. जुळ्या कोकरांना सारखंच पाजायची तिची रीत. महिनाभर तिनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.

आज तपासून डॉक्टर चकित झाल्या. "आक्का, औषधाविना डाव्याचाही दाब उतरलाय."

मायाक्काची आई याच रोगानं आंधळी झाली, म्हणून ती हौसेनं अभ्यासात आली होती. खरं सांगितलं तर अभ्यासातून नाव जाणार. पण कीर्तनात विठ्ठलापुढं टाळ्या वाजवणाऱ्या बाईला खोटं पचेना.

"डाक्टरीणबाई, म्या दोन्हीकडं घातलं. एकाला उपाशी ठिवायचं जिवावर आलं."

संघप्रिया हसल्या, मग त्यांनी तिचा हात हातात घेतला. "औषध चालू राहील, पण अभ्यासातून नाव काढावं लागेल. तुम्ही बोलला नसता, तर औषधाचा उपयोग नाही, असं आम्ही हजारोंना चुकीचं सांगितलं असतं."

"काढा की. माज्या धाकट्या भनीला डोळ्याच्या कडंचं दिसंना झालंय, तिला घ्या. ती लई कडक हाय, सांगितलं तेवढंच करती."

संघप्रियांनी नवा कागद पुढं ओढला.